फ्रेंच विहीणबाईंना स्वतःची ओळख फ्रेंचमध्ये कशी करून द्यावी?

कोथरूडची_विहीण

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी सहा वर्षांपासून फ्रान्समध्ये ल्यों शहरात राहते आणि गेल्या वर्षी तिने तिथल्याच एका मुलाशी लग्न केले. लग्न पुण्यात झाले, परंतु व्याह्यांचे नुकतेच ऑपरेशन झाले असल्यामुळे ते व विहीणबाई येऊ शकले नाहीत. आतापर्यंत आमची भेट केवळ व्हिडिओ कॉलवर झाली आहे. त्यांना इंग्रजी जवळजवळ येत नाही, मला फ्रेंच येत नाही आणि मुलगी मध्ये बसून दोन्हीकडचे बोलणे पोचवते. येत्या मे महिन्यात मी महिनाभर ल्योंला जाणार आहे. विहीणबाई दारात उभ्या असतील तेव्हा पहिली पाच मिनिटे तरी मुलीच्या तोंडाकडे न पाहता मला स्वतः बोलता यावे, एवढीच माझी इच्छा आहे.

यासाठी मी घराजवळच्या एका क्लासमध्ये तीन महिने गेले. तेथे सर्व शिकवणे इंग्रजीतून होते. ओळख करून देण्याचा दहा ओळींचा एक तयार उतारा सर्वांना दिला गेला आणि तो पाठ करून घेतला गेला. तो मला आजही घडाघडा म्हणता येतो. पण शेवटच्या तासाला बाईंनी मध्येच माझे वय विचारले, तेव्हा उत्तर काही सुचेना. सतराचा पाढा मधूनच म्हणायला सांगितल्यावर होते तसे झाले, आणि मनातल्या मनात पहिल्या ओळीपासून सुरुवात करेपर्यंत बाई पुढच्या विद्यार्थ्याकडे वळल्या होत्या. शिवाय वहीत मी 'मी बासष्ट आहे' अशा अर्थाचे वाक्य लिहिले होते. त्यावर लाल रेघ आली, परंतु कारण समजले नाही.

माझे नाव 'ह'ने सुरू होते आणि फ्रेंच माणसाला 'ह' म्हणता येत नाही असे ऐकले आहे. 'विहीण' या नात्याला त्यांच्याकडे कोणता शब्द आहे, त्यांना 'तू' म्हणायचे की 'तुम्ही', वय सांगणे आवश्यक असते का, आणि मी बँकेतून निवृत्त झाले आहे हे कसे सांगावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन केल्यास मी आभारी राहीन. फ्रेंच वाक्ये कृपया देवनागरीत लिहावीत.

शिकवणी_डेक्कन

ताई, आपला प्रश्न वाचून फार बरे वाटले. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये मी फ्रेंच शिकलो आणि आता बावीस वर्षे पुण्यात शिकवतो आहे. या काळात माझे एक मत पक्के झाले आहे: मराठी माणूस फ्रेंच बोलताना अडखळतो, तेव्हा पुष्कळदा त्याला फ्रेंच अडवत नसते, मध्ये उभी असलेली इंग्रजी अडवत असते. आपण मराठीतून इंग्रजीत जातो आणि तिथून फ्रेंचमध्ये उतरतो. वास्तविक ओळख करून देण्याच्या वाक्यांपुरते पाहिले, तर मराठीतून थेट जाणारी वाट जवळची आहे.

आपल्या लाल रेघेचेच पाहा. इंग्रजीत वय सांगताना 'असणे' हे क्रियापद येते, म्हणून आपण 'मी बासष्ट आहे' असे लिहिलेत. मराठीत आपण असे कधी म्हणतो का? आपण म्हणतो, 'मला बासष्ट वर्षे पूर्ण झाली.' 'मला दोन भाऊ आहेत' म्हणताना जसा 'मला' येतो, तसाच तो येथेही येतो. वर्षे ही आपल्याजवळ जमा झालेली गोष्ट असते. फ्रेंच माणूसही वर्षे स्वतःजवळ बाळगतो: 'जे स्वासाँत-द झाँ', म्हणजे शब्दशः 'माझ्याजवळ बासष्ट वर्षे आहेत'. भाऊ सांगतानाही हेच 'जे' येते: 'जे द फ्रेर', मला दोन भाऊ आहेत. थंडी वाजली, भूक लागली, तरी तेच. मराठीत जिथे 'मला' येतो तिथे 'जे' आठवून पाहावे. प्रत्येक वेळी ते जुळेल असे नाही, पण ओळखीच्या बोलण्यात बहुतेक वेळा जुळते.

निवृत्तीचेही तसेच. इंग्रजीत व्यवसायाच्या आधी 'एक' या अर्थाचा छोटा शब्द लावतात आणि त्या सवयीने माझे विद्यार्थी फ्रेंचमध्येही तो लावतात. आपण मराठीत 'मी एक शिक्षक आहे' असे म्हणत नाही, 'मी शिक्षक आहे' म्हणतो, आणि फ्रेंचही तसेच म्हणते. तेव्हा आपले वाक्य 'ज स्वी रत्रेते' एवढेच: मी निवृत्त आहे.

तिसरी जागा मला सर्वांत प्रिय आहे. 'मी चाळीस वर्षांपासून पुण्यात राहते' हे मराठीत आपण साध्या वर्तमानकाळात म्हणतो. इंग्रजीत यासाठी वेगळा काळ लागतो आणि तो शाळेत घोटून घेतलेला असल्यामुळे मुले फ्रेंचमध्येही त्याच्याशी झटत बसतात. फ्रेंचमध्ये 'जाबित आ पुणे दप्वी काराँत आँ', बस्स. 'जाबित' हा साधा वर्तमानकाळ आहे आणि 'दप्वी' म्हणजे आपले '-पासून'. मात्र जे काम संपले आहे, त्याला 'दप्वी' लावू नये. बँकेतली नोकरी संपली, म्हणून तिच्यासाठी भूतकाळ आणि 'पाँदाँ' वापरावे: 'जे त्राव्हाये दाँझ्युन बाँक पाँदाँ त्राँत-द झाँ', मी बत्तीस वर्षे बँकेत काम केले. (वर्षांचा आकडा मी अंदाजाने घातला आहे, आपण आपला घालावा.)

स्त्रीलिंगाविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मराठीत बाईचे बाईपण क्रियापदात दिसते: मी राहते, मी बोलते. फ्रेंच क्रियापद येथे गप्प असते. स्त्री बोलत असो वा पुरुष, 'जाबित' हे 'जाबित'च राहते. लिंग दिसते ते विशेषणात आणि व्यवसायाच्या नावात. पुरुष 'अँद्यँ' म्हणेल आणि शेवटचा स्वर नाकात सोडून देईल. आपण 'अँद्येन' म्हणताना शेवटचा 'न' स्पष्ट उच्चारायचा आहे. विद्यार्थी 'एत्युद्याँ', तर विद्यार्थिनी 'एत्युद्याँत'. 'भेटून आनंद झाला' याला 'आँशाँते' म्हणतात. त्याचे स्त्रीलिंगी रूप लिहिताना एक अक्षर वाढते, उच्चारात मात्र काहीही बदलत नाही. 'रत्रेते'चेही तसेच आहे.

उच्चारांपैकी मी आपल्याला दोनच सांगतो, कारण मे महिन्यापर्यंत हे दोन साधले तरी पुरे. वर मी 'ज' लिहिला आहे तो मराठीतल्या 'जग'चाही नाही आणि 'जन'चाही नाही. 'श्श्श' असा लांब आवाज काढत राहावे, गळ्यावर हात ठेवावा आणि जिभेची जागा न बदलता गळ्यात कंप आणावा. जो आवाज निघेल तोच 'बोंजूर'मधला 'ज'. जीभ टाळूला टेकली की तो बिघडतो. दुसरा उच्चार मी 'यू'ने दाखवतो, उदाहरणार्थ 'त्यू', म्हणजे 'तू'. त्यासाठी तोंडात 'ई' म्हणावी आणि जीभ तिथेच ठेवून ओठ मात्र 'ऊ'सारखे गोल करावेत. आरशासमोर पाच दिवस केले की जमते. माझ्या वर्गात सत्तरीच्या एका आजोबांना हा स्वर कॉलेजच्या मुलांच्या आधी साधला, कारण ते रोज सकाळी नियमाने आरशासमोर बसत.

आता विहीणबाईंविषयी. या नात्याला फ्रेंचमध्ये रोजच्या वापरातला एक शब्द नाही. सासूला 'बेल-मेर' म्हणतात, शब्दशः 'सुंदर आई', आणि गंमत म्हणजे सावत्र आईलाही हाच शब्द आहे. जावयाला 'जाँद्र' म्हणतात. परंतु मुलाचे आईवडील आणि मुलीचे आईवडील एकमेकांचे कोण, याचा विचार त्या भाषेने केलेला नाही. म्हणून आपण स्वतःची ओळख मुलीवरूनच द्यावी: 'ज स्वी ला मेर द' आणि पुढे मुलीचे नाव, म्हणजे 'मी अमुकची आई'. आपल्याकडे शाळेच्या फाटकाशी उभ्या राहिलेल्या बायका वर्षानुवर्षे एकमेकींना असेच ओळखतात, त्यामुळे हे वाक्य आपल्या तोंडी परके वाटणार नाही. विहीणबाईंना 'विहीण' हा मराठी शब्द मात्र अवश्य शिकवावा.

'व्हू' म्हणजे तुम्ही, 'त्यू' म्हणजे तू. पहिल्या भेटीत 'व्हू'च म्हणावे. येथेही मराठी माणसाचा जन्मजात अंदाज कामी येतो, कारण आपल्याला तू आणि तुम्ही यांचे वजन शिकवावे लागत नाही. एक फरक तेवढा लक्षात ठेवावा. आपल्या अनेक घरांत आईला 'तू' आणि वडिलांना 'तुम्ही' म्हणतात. आज बहुतेक फ्रेंच घरांत आई, वडील, आजी, आजोबा सर्वांनाच 'त्यू' असते. आपला जावई त्याच्या आजीला 'त्यू' म्हणाला, तर त्यात उद्धटपणा मानू नये. देवालाही ते 'त्यू' म्हणतात. ख्रिस्ती प्रार्थनेच्या १९६६ च्या फ्रेंच भाषांतरापासून 'त्यू' रूढ झाले. आपणही विठ्ठलाला 'तू'च म्हणतो. काही वेळाने विहीणबाई स्वतःच 'ओं प स त्युत्वाये?' असे विचारण्याची शक्यता आहे. 'आपण एकमेकींना तू म्हणूया का?' असा त्याचा अर्थ. त्यावर हसून 'वी' म्हणजे 'हो' म्हणावे.

वय मात्र न विचारता सांगू नये. ते पाठ्यपुस्तकात असते, कारण त्यातून क्रियापद आणि आकडे यांचा सराव होतो. प्रत्यक्षात फ्रान्समध्ये पहिल्या भेटीत मोठ्या माणसाचे वय किंवा पगार विचारणे अप्रशस्त समजतात.

तुलूझहून_परत

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी हिंजवडीत काम करतो आणि कंपनीच्या कामानिमित्त चार वर्षे तुलूझ येथे राहिलो. त्या अनुभवावरून नावांविषयी थोडे सांगतो.

काकू, 'ह' जाईल हे खरे आहे. फ्रेंच माणूस रोमन लिपीत लिहिलेले आपले नाव स्वतःच्या नियमांनी वाचतो, आणि त्या नियमांत 'ह'चे अक्षर मुके असते. आमच्या गटातल्या रोहनचा पहिल्याच दिवशी 'रोआँ' झाला, कारण मधला 'ह' गेला आणि शेवटचा 'न' नाकात विरघळला. गौरीची 'गोरी' झाली, जोशींच्या 'जो'ला तो श-सारखा मऊ 'ज' मिळाला आणि चित्राची 'शित्रा' झाली. यात त्यांचा निष्काळजीपणा मुळीच नसतो. मी एक उपाय केला आणि तो आपल्यालाही सुचवतो: कागदावरून नाव वाचू देण्याच्या आधी ते तोंडी सांगावे, तुकडे पाडून दोनदा म्हणावे आणि समोरच्याला एकदा म्हणू द्यावे. कानाने शिकलेले नाव ते पुष्कळ बरे म्हणतात. अक्षरे सांगण्याची वेळ आलीच, तर 'ह'च्या अक्षराला 'आश' म्हणावे. 'ग'चे अक्षर 'जे' आणि 'ज'चे अक्षर 'जी' असे ते उच्चारतात. इंग्रजीच्या सवयीने ऐकणाऱ्याला ते बरोबर उलटे ऐकू येते आणि हमखास घोटाळा होतो.

फॉर्म भरण्याची वेळ आली, तर 'नों' या शब्दाने फसू नये. मी तो 'नाव' असा वाचला आणि एका कार्यालयाच्या फॉर्मवर त्यापुढे माझे नाव लिहिले. तिथे आडनाव अपेक्षित होते. स्वतःचे नाव 'प्रेनों'पुढे लिहायचे असते. परिणामी दोन महिने माझी सर्व टपालपत्रे माझ्या नावालाच आडनाव समजून येत होती, आणि वडिलांचे नाव माझे पहिले नाव ठरले होते. आपल्या नावात मधोमध यजमानांचे नाव असेल, तर ते पुरुषाचे नाव आहे हे त्यांना कळणार नाही, एवढे मनाशी ठेवावे. फ्रान्समध्ये लग्नानंतरही बाईचे कायदेशीर आडनाव जन्माचेच राहते. नवऱ्याचे आडनाव ती केवळ वापरासाठी घेऊ शकते, आणि हा नियम १७९४ सालच्या कायद्यापर्यंत मागे जातो. अविवाहित स्त्रीसाठीचे 'मादम्वाझेल' हे संबोधन २०१२ साली सरकारी फॉर्मांतून काढून टाकण्यात आले, त्यामुळे आता सर्वत्र 'मादाम'.

फोन नंबर ते दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात, आणि आपला नंबर ९८ ने सुरू होत असेल, तर 'कात्र-व्हँ-दिझ्वित' म्हणावे लागेल, म्हणजे चार विसा आणि वर अठरा. माझी आजी आंबे विसांवर मोजत असे. तिला हा आकडा कोणी न शिकवता कळला असता.

गालाला गाल लावून स्वागत करण्याच्या पद्धतीला 'बीझ' म्हणतात. किती वेळा आणि कोणत्या गालापासून, हे प्रदेशागणिक बदलते, म्हणून पुढाकार विहीणबाईंना घेऊ द्यावा. आपल्याला संकोच वाटत असेल, तर हात जोडून 'बोंजूर' म्हणावे. मी अनेक घरांत तसेच केले आणि कोणालाही ते कमी वाटले नाही. परंतु 'बोंजूर' कधीही वगळू नये. दुकानात, बसमध्ये, लिफ्टमध्येसुद्धा आधी 'बोंजूर' आणि मग काम, असा तेथील रिवाज आहे.

अकरावी_फ्रेंच

मी वयाने लहान आहे, तरी सरावाविषयी एक गोष्ट सुचवावीशी वाटते. मी मागच्या वर्षी डेल्फ या फ्रेंच भाषेच्या प्रमाणपत्रासाठीची ए-१, म्हणजे सुरुवातीच्या पातळीची परीक्षा दिली. तिच्या तोंडी भागात सुरुवातीला साधारण एक मिनिट परीक्षक आपल्याला स्वतःविषयी विचारतात, आणि त्यानंतरच्या भागात उलटे असते: चिठ्ठ्या उचलायच्या, प्रत्येकीवर 'कुटुंब', 'सुट्टी' असा एकेक शब्द असतो, आणि त्या शब्दावरून आपण परीक्षकांना प्रश्न विचारायचे. माझाही उतारा पाठ होता आणि माझीही गाडी मध्येच अडत असे. आईने मग नाव, गाव, काम, मुले, भाषा, आवड अशा चिठ्ठ्या करून पोह्यांच्या डब्यात टाकल्या आणि रोज रात्री जेवताना त्यांतली कोणतीही एक काढून मला दाखवायची. आधी त्यावर मी एक वाक्य स्वतःविषयी बोलायचे आणि मग तोच प्रश्न आईला विचारायचा. तिला फ्रेंच येत नव्हते, ती मराठीत उत्तर द्यायची. तीन आठवड्यांत उताऱ्याचा क्रम डोक्यातून गेला आणि वाक्ये सुटी झाली.

काकू, 'ए व्हू?' हे दोन शब्द फार उपयोगी आहेत. 'आणि तुम्ही?' एवढाच त्यांचा अर्थ, पण आपले वाक्य संपल्यावर ते जोडले की बोलणे समोरच्याकडे जाते आणि आपल्याला पुढचे वाक्य जुळवायला वेळ मिळतो.

कोथरूडची_विहीण

आपण तिघांनी इतका वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पोह्यांच्या डब्याची युक्ती कालपासूनच सुरू केली आहे. यजमान चिठ्ठ्या काढतात आणि 'ए व्हू?' विचारल्यावर मराठीत सविस्तर उत्तरे देतात. 'ई' म्हणत ओठ गोल करण्याचा सरावही आरशासमोर चालू आहे.

मी पुढील वाक्ये स्वतः जुळवली आहेत. तपासून द्यावीत, ही विनंती.

'बोंजूर. ज मापेल (माझे नाव). ज स्वी ला मेर द (मुलीचे नाव). ज स्वी अँद्येन. जाबित आ पुणे पाँदाँ काराँत आँ. ज स्वी रत्रेते. ज पार्ल माराती, हिंदी, आँग्ले, ए अँ प फ्राँसे. ए व्हू?'

मी चिरोटे घेऊन जाणार आहे. ते हातात देताना काय म्हणावे, हेही कळवावे. आणि त्या भरभर बोलू लागल्या, तर सावकाश बोलण्याची विनंती कशी करावी?

शिकवणी_डेक्कन

ताई, एकच चूक आहे. आपण पुण्यात अजूनही राहता, म्हणून 'पाँदाँ' काढून तेथे 'दप्वी' घालावे. मराठीत वाक्य म्हणून पाहिले तर फरक लगेच कळतो: 'चाळीस वर्षांपासून राहते' म्हटले तर 'दप्वी', 'बत्तीस वर्षे काम केले' म्हटले तर 'पाँदाँ'. 'ज स्वी' आणि 'अँद्येन' हे शब्द जोडून 'ज स्वीझँद्येन' असे म्हटल्यास अधिक गोड वाटेल, परंतु सुटे म्हटले तरी चूक नाही. आपल्या शहराचे नाव मात्र 'पुणे' असेच ठामपणे म्हणावे. रोमन अक्षरांवरून वाचले, तर त्यांच्या तोंडी शेवटचा स्वर गळून 'प्यून' होण्याचा संभव असतो.

शेवटच्या 'ए व्हू?'च्या जागी येथे पूर्ण प्रश्न विचारावा, असे मला वाटते, कारण विहीणबाईंचे नाव आपल्याला आधीच ठाऊक आहे आणि त्यांनी नेमके कशाचे उत्तर द्यावे हे भाषांविषयीच्या वाक्यानंतर स्पष्ट होत नाही. व्याह्यांचे ऑपरेशन झाले आहे, तेव्हा त्यांची विचारपूस आधी करावी: 'कोमाँ व्हा व्होत्र मारी?', म्हणजे 'तुमचे यजमान कसे आहेत?'

सावकाश बोलण्यासाठी 'प्ल्यू लाँतमाँ, सिल व्हू प्ले' म्हणावे. चिरोट्यांचा डबा दोन्ही हातांनी पुढे करून 'से पूर व्हू' म्हणावे, हे तुमच्यासाठी आहे. आत काय आहे असे त्यांनी विचारल्यास 'चिरोटे' हाच शब्द दोनदा सांगावा आणि त्यांना एकदा म्हणू द्यावा.